दोन साक्षीदार

अनसूया उखळात शेंगाची चटणी कुटत बसली होती, तेव्हा केराबाई आली आणि उंबऱ्याशीच मटकन खाली बसली. केराबाई म्हणजे मुलींच्या वसतिगृहातली स्वयंपाकीण. नवरा प्लेगात गेला, तेव्हापासून चुलीपुढे उभी राहून तिने एकुलती एक लेक शिकवली होती. ती लेक, नंदू, अनसूयेच्याच हाताखाली बाराखडी गिरवून मोठी झाली आणि आता त्याच शाळेत बिगरीच्या लहान मुलांना शिकवत होती. नाताळची सुट्टी होती. शाळेच्या आवारात चिटपाखरू नव्हतं.

"बाई, माज्या नंदूचं वाटुळं झालं," केराबाई म्हणाली आणि पदर तोंडात कोंबला.

अनसूयेने मुसळ थांबवलं. पुढचं विचारावं लागलं नाही. केराबाईच्या तोंडावर ते सगळं लिहिलेलं होतं.

"कोण?"

केराबाईने आधी दाराबाहेर पाहिलं. "येणीमाधव. रावसायबाचा ल्योक."

अनसूयेच्या हातातलं मुसळ उखळात तसंच उभं राहिलं. त्या क्षणी तिच्या मनात जे आलं त्यात नंदूची कणव नव्हती. देवा, तू विसरला नाहीस, एवढंच आलं. आणि अंगातून असा एक शहारा गेला की जणू उन्हाळ्यात कुणी पाठीवर माठातलं गार पाणी ओतलं.

रावसाहेब म्हणजे यज्ञेश्वरराव. त्यांचे आजोबा वेदशास्त्रसंपन्न घरातले. ख्रिस्ती झाले म्हणून भाऊबंदांनी त्यांना वाळीत टाकलं, सासऱ्याने जिवंतपणी श्राद्ध घातलं. आजोबांनी जे सोसलं त्या पुण्याईवर नातू जगत होता. यज्ञेश्वरराव वकील होते, मंडळीचे, म्हणजे गावातल्या चर्चचे, प्रमुख पंच होते आणि आवाज असा की प्रार्थना म्हणू लागले की मागच्या बाकावरची म्हातारी माणसं डोळे पुसत. शहरातल्या कलावंतिणींची घरं गावाबाहेर हलवावीत म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या होत्या. घटस्फोट, संततिनियमन, बायकांनी नाटकात काम करणं या सगळ्यांवर त्यांची व्याख्यानं ठरलेली असत. आणि या वर्षी ते निवडणुकीला उभे होते. नव्या कायद्याने प्रांताच्या विधिमंडळात ख्रिस्ती समाजाला वेगळ्या जागा मिळाल्या होत्या. आपल्या बाजूच्या जागेवर यज्ञेश्वररावांनी हक्क सांगितला होता. समोर एक डॉक्टर उभा होता. वर्षाला एक मूल होऊन बाया मरतात, त्यांना त्यातून सुटायचा मार्ग सांगायला हवा, असं तो डॉक्टर कुठल्याशा सभेत बोलून गेला होता. यज्ञेश्वररावांनी त्याला 'पापाचा वैद्य' असं नाव ठेवलं आणि ते नाव पोरांच्या तोंडी बसलं.

या यज्ञेश्वररावांना अनसूया पंधरा वर्षं पाहत होती.

तिचे वडील, धुळाप्पा, मैंदर्गीला सुवार्तिक होते. कानडी मुलखात डफ वाजवत, येशूची गाणी म्हणत फिरायचे. दोन्ही मुलींना त्यांनी सोलापुरात शिकायला ठेवलं होतं. थोरली शकुंतला शिकून त्याच शाळेत शिक्षिका झाली. दिसायला सावळी, गायला गोड. यज्ञेश्वररावांचा मेव्हणा तेव्हा त्यांच्याकडे शिकायला राहिला होता. तो रविवारी उपासनेला बाजाची पेटी वाजवायचा आणि शकुंतला गायची. पुढे जे व्हायचं ते झालं. त्याने लग्नाचं वचन दिलं होतं. दिवस गेल्यावर शकुंतलेने पंचांपुढे त्याचं नाव सांगितलं.

यज्ञेश्वरराव म्हणाले, "एका बाईच्या शब्दावर पुरुषाची अब्रू चव्हाट्यावर आणता येत नाही. पवित्र शास्त्राने दोन साक्षीदार सांगितलेत. तुझे साक्षीदार कोण?"

असल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचे, हे विचारायला पंचांत एकही बाई नव्हती.

पुढच्या रविवारी शकुंतलेला सगळ्या मंडळीपुढे उभं केलं. यज्ञेश्वररावांनी आपल्या त्या भरदार आवाजात ठराव वाचला: अमुक अमुक हिने देहाच्या अशुद्धतेने प्रभूच्या नावाला काळिमा लावला, सबब तिला या मंडळीच्या अंगापासून वेगळी करण्यात येत आहे. मग गीत झालं. पेटीवर तोच होता. अनसूया तेव्हा वसतिगृहातल्या मुलींच्या रांगेत बसली होती. तिने त्याची बोटं पाहिली. एक सूर चुकला नाही.

शकुंतलेची नोकरी गेली. ती मैंदर्गीला गेली आणि बाळंतपणात गेली, मूलही गेलं. वेगळी केलेली बाई म्हणून ख्रिस्ती मसणवट्यात तिला जागा मिळाली नाही. सुवार्तिक धुळाप्पांनी एका ओळखीच्या माणसाच्या जोंधळ्याच्या रानात, बांधाच्या कडेला स्वतः खड्डा खणला आणि अनसूयेने हाताने माती लोटली. त्यानंतर वडिलांनी डफाला हात लावला नाही.

आणि तरी अनसूया त्याच मंडळीत राहिली, त्याच शाळेत शिक्षिका झाली. लोक म्हणत, केवढी क्षमाशील पोर! खरं म्हणजे प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षमेचं वाक्य आलं की तिचे ओठ बंद होत. देवावर तिचा विश्वास होता. देवाला खोटं सांगायचं नाही एवढंच तिने ठरवलं होतं.

"पोरगा काय म्हणतो?" तिने केराबाईला विचारलं.

"लगीन करतो म्हंतो की. पर बाचं भ्या वाटतंय त्येला. इलेक्शन हुंद्या, मग सांगतो, म्हंतो. तवर पोट दिसाय लागंल न्हवं, बाई? तुमी जावा की रावसायबाकडं. तुमचं ऐकतील त्ये."

अनसूया गेली असती तर कदाचित मिटलंही असतं. पोरगा भित्रा होता पण लबाड नव्हता, हे तिला ठाऊक होतं. मंडळीच्या धर्मगुरूंना, पाळकांना, मध्ये घालून, परगावी कुठे गुपचूप लग्न उरकता आलं असतं. हे सगळं तिला तिथे उखळापाशी बसल्या बसल्या सुचलं, आणि तिने ते बाजूला सारलं.

"थोडे दिवस कुणाकडे बोलू नकोस," ती म्हणाली. "नंदूला मंडळीपुढे उभं राहावं लागणार नाही. हा माझा शब्द."

केराबाईने तिचे पाय धरले. अनसूयेने ते मागे घेतले नाहीत.

*

नव्या कायद्यात आणखी एक गंमत होती. लिहितावाचता येणाऱ्या बाईला मत मिळालं होतं. इतर समाजांत अशा बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ख्रिस्ती मंडळीत मात्र मोलकरीणसुद्धा गीतांचं पुस्तक वाचायची. अनसूया भगिनीमंडळाची चिटणीस. तिने उन्हातान्हात फिरून घरोघरच्या बायांची नावं यादीत घालून घेतली होती. ही मतं कुणीकडे वळतील यावर निवडणूक ठरणार होती, आणि हे यज्ञेश्वररावांइतकं कुणालाच कळत नव्हतं.

नवं वर्ष लागलं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली आणि ते स्वतः भगिनीमंडळाच्या सभेला आले. पांढरा फेटा, काळा लांब कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. शाळेच्या दिवाणखान्यात बाया सतरंजीवर बसल्या होत्या. ते तासभर बोलले. युरोपात कुटुंब कसं मोडलं, सिनेमाने मुली कशा बिघडल्या, डॉक्टरच्या हाती समाज गेला तर प्रत्येक घराची धर्मशाळा कशी होईल. बोलून झाल्यावर घाम पुसत त्यांनी विचारलं, "भगिनींना काही विचारायचं आहे?"

अनसूया उभी राहिली. इतकी वर्षं ती त्यांच्यापुढे खालच्या आवाजातच बोलत आली होती. आजही तसंच बोलली.

"एक विनंती आहे. आपल्या मंडळीत शीलभंगाचा प्रश्न आला की बाईला उभं करतात आणि पुरुषासाठी दोन साक्षीदार मागतात. बायांना वाटतं, हा नियम बदलावा. बाईने पाळकांच्या खोलीत आईसमक्ष नाव सांगितलं की पुरे. ज्याचं नाव घेतलं त्याने मंडळीपुढे उभं राहून, पवित्र शास्त्रावर हात ठेवून, खरं काय ते सांगावं. खोटं असेल तर नाकारावं. निर्दोष माणसाला भिण्याचं काय कारण?"

बायांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हातारी म्हणाली, "बराबर हाय की."

"हे तुम्ही केलंत," अनसूया म्हणाली, "तर भगिनीमंडळाला तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा विचार करावा लागणार नाही."

यज्ञेश्वररावांनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभर त्यांच्या कपाळाला आठी पडली, काही आठवायचा प्रयत्न करावा तशी. मग समोरच्या सतरंजीभर पसरलेल्या मतांकडे त्यांची नजर गेली आणि आठी मिटली. "पुरुषाला एक न्याय आणि स्त्रीला एक, हे प्रभूच्या मंडळीत चालणार नाही!" ते गरजले. "हा ठराव मी स्वतः मांडीन!"

आणि मांडला. रविवारी उपासना संपल्यावर सगळ्यांचे हात वर झाले. पाळक बसलिंगप्पा मऊ माणूस, मराठी बोलताना कानडी हेल काढणारा. तो म्हणाला, "रावसाहेब, नियम चांगलाच आहे. पण निवडणुकीच्या दिवसांत जरा थांबून, विचार करून…"

"पाळकसाहेब, शुद्धतेला मुहूर्त लागतो का?" यज्ञेश्वरराव हसून म्हणाले. लोकही हसले. त्यांनी ठराव छापून घेतला, खाली आपलं नाव मोठ्या अक्षरांत घातलं आणि ती पत्रकं बार्शी-पंढरपूरपर्यंतच्या मंडळ्यांत वाटली.

तिसऱ्या बाकावर वेणीमाधव बसला होता. ठरावाला त्यानेही हात वर केला होता. त्याचा चेहरा मात्र पिठासारखा पांढरा पडला होता. अनसूयेने ते डोळे भरून पाहून घेतलं.

*

नंदू सहजी तयार झाली नाही.

"बाई, तो लग्न करतो म्हणालाय."

"मग मंडळीपुढे म्हणू दे."

"त्याला भीती वाटते. वडिलांपुढे त्याला उभंसुद्धा राहता येत नाही."

"माझी ताई उभी राहिली होती."

नंदूने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पोरगी हुशार होती. काहीतरी विचारणार होती. पण शेजारी आई रडत होती, आणि पोट दिसायला फार दिवस उरले नव्हते. ती उठली आणि तिने चपला घातल्या.

पाळकांच्या खोलीत तिने नाव सांगितलं. बसलिंगप्पाने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळत राहिला. मग नंदूला आणि केराबाईला बाहेर बसवून तो अनसूयेला म्हणाला, "ठराव मांडायला लावलात तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"होतं."

"अय्यो, बाई. हे तुम्ही प्रभूसाठी केलं नाही."

"नाही केलं," अनसूया म्हणाली. "पण नियम खरा आहे की नाही, ते सांगा. अन्यायाचा असेल तर मोडा. मी मैंदर्गीला जाऊन शकुंतलेच्या मातीला सांगून येते, की आता नियम मोडतात."

पाळकाने चष्मा पुन्हा चढवला आणि येत्या रविवारसाठी वेणीमाधवाला बोलावणं पाठवलं.

शनिवारी भर दुपारी शाळेच्या फाटकाशी टांगा थांबला. यज्ञेश्वरराव एकटे आले होते. उन्हाने आणि आतल्या कशाने तरी त्यांचा चेहरा तांबारला होता. अनसूयेने खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी पाण्याला हात लावला नाही.

"अनसूयाबाई, ही पोर खोटं बोलते आहे."

"तर मग काळजी कसली? उद्या हात ठेवून नाकारू दे."

ते काठीची मूठ हातात फिरवत राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "समजा, काही घडलं असेल. तरुण वय आहे. प्रीतीनं माणसाचं पाप झाकावं, उघडं करू नये, हीच प्रभूची शिकवण नाही का? मुलीला मिरजेच्या बाजूला पाठवू. माझ्या ओळखीचे लोक आहेत. मूल अनाथाश्रमात वाढेल. मुलीला नोकरी मी देववीन. आणि तुम्हाला… मुख्य बाईंची जागा उन्हाळ्यात रिकामी होतेय. माझा शब्द तिथे चालतो."

"लग्न का नाही लावत?"

"अहो, ती स्वयंपाकिणीची मुलगी!" ते पटकन बोलून गेले आणि थांबले.

"प्रभूमध्ये आपण सगळे एक, असं परवा सभेत तुम्हीच म्हणालात. मी टाळी वाजवली होती."

"तुम्हाला काय हवंय?" यज्ञेश्वररावांनी विचारलं. आता त्या आवाजात प्रार्थनेचा मागमूस नव्हता. "माझ्याशी तुमचं वैर काय आहे?"

अनसूयेला वाटलं होतं, ते जाणून आहेत. इतकी वर्षं तिने हेच धरून ठेवलं होतं: तिला बघितलं की त्यांना काहीतरी टोचत असणार, अनसूया समोर आली की त्यांना ती दुसरी दिसत असणार. आता तिच्या लक्षात आलं की तसं काही नव्हतंच.

"माझी थोरली बहीण," ती म्हणाली. "तुमच्या मेव्हण्याचं नाव तिनं घेतलं होतं."

त्यांना आठवलं. डोळ्यांत काहीतरी हललं. "हां… ती. फार जुनं झालं ते. तो माझ्याजवळ कबूल झाला होता पुढे. पण मंडळीचं नाव… माझ्या बायकोचं माहेर… मलाही कमी त्रास झाला नाही, अनसूयाबाई. तुमची ती बहीण, काय तिचं नाव…"

ते बोट हवेत धरून आठवू लागले.

अनसूया त्या बोटाकडे बघत राहिली. ज्या माणसाने भर मंडळीत दोनदा, तीनदा ते नाव उच्चारलं, ज्याच्या तोंडून ते ऐकल्यापासून तिला रात्री झोप नीट लागली नव्हती, त्याला ते नाव आठवत नव्हतं. त्याने पाप लपवलं हे तिला सोसलं असतं. पण जिला मारलं तिचं नावही त्याने लक्षात ठेवलं नव्हतं.

तिने पाण्याचा पेला उचलला आणि पाणी अंगणातल्या तुळशीसारख्या वाढलेल्या रानटी सब्जाला घातलं.

"टांगेवाला उन्हात उभा आहे," ती म्हणाली. "या आता."

"शेवटचं सांगतो. मुलगा उद्या नाकारेल. मग त्या पोरीचं काय होईल ते तुमच्या माथी."

"नाकारू दे," अनसूया म्हणाली. "तुमच्या मुलाचा हात पवित्र शास्त्रावर खोटा पडलेला बघायला मी पुढच्या बाकावर बसेन."

*

रविवारी उपासनामंदिर ओसंडून वाहत होतं. बातमी आधीच फुटली होती. निवडणूक तोंडावर असल्यामुळे कधी न येणारी माणसंही आली होती. काही तर दारात चपला पायात ठेवूनच उभी होती. नंदू आली नव्हती. केराबाई मात्र सर्वांत मागे, खांबाला टेकून बसली होती.

गीत झालं, उपदेश झाला. मग पाळकाने वेणीमाधवाचं नाव पुकारलं.

तो पुढे आला. उंच, बारीक पोरगा. बापाचं नाक, पण हनुवटी आईची. टेबलावर काळ्या कातड्याचं जाड शास्त्र ठेवलेलं होतं. यज्ञेश्वरराव पंचांच्या खुर्चीवर ताठ बसले होते. त्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि हलकी मान हलवली.

वेणीमाधवाने हात ठेवला. बाहेर शेजारच्या बोळात पद्मसाळी विणकरांचे माग चालू होते, त्यांचा खटखटाट तेवढा ऐकू येत होता.

"बोल, बाळ," बसलिंगप्पा म्हणाला. "खरं असेल तर खरं म्हण. खोटं असेल तर खोटं म्हण."

पोराने हात उचलला, पुन्हा ठेवला.

"नंदू खोटं बोलत नाही," तो म्हणाला. आवाज इतका लहान होता की मागच्यांनी "काय? काय?" असं विचारलं. मग तो मोठ्याने म्हणाला, "नंदू खोटं बोलत नाही! बाबा म्हणाले, हात ठेव आणि नाही म्हण, देवाला मन कळतं. काल रात्रभर तेच म्हणवून घेतलं माझ्याकडून. मला नाही जमत."

यज्ञेश्वरराव उठले. "मुलाची प्रकृती बरी नाही," त्यांनी सुरुवात केली, "त्याला चार दिवस ताप…"

बायांच्या बाजूने कुणीतरी हसलं. एकच हसू होतं, म्हातारं, दात नसलेलं. पण ते छताला लागून सगळीकडे पसरलं आणि यज्ञेश्वररावांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

मंडळीने हात वर केले. वेणीमाधवाला वेगळं करायचा ठराव झाला. पाळकाने कागद वाचायला घेतला, तेव्हा अनसूया बसल्या जागेवरून बोलली.

"हा ठराव प्रमुख पंचांनी वाचायची रीत आहे."

"बाई…" बसलिंगप्पा म्हणाला.

"माझ्या बहिणीच्या वेळी त्यांनीच वाचला होता. तिचं नाव शकुंतला होतं."

पाळकाचा हात कागद धरून पुढे झाला होता, तो मागे घेणंही त्याला जमेना. यज्ञेश्वररावांनी कागद घेतला. त्यांनी वाचायला सुरुवात केली. तो आवाज, ज्याच्यासाठी लोक बार्शीहून यायचे, पहिल्या ओळीला टिकला. दुसऱ्या ओळीला मुलाचं नाव आलं आणि तो कोरडा पडला. 'देहाच्या अशुद्धतेने' इथे ते अडकले, मागे गेले, पुन्हा वाचलं. 'या मंडळीच्या अंगापासून' म्हणताना आवाज चिरला आणि पुढचे शब्द नुसतेच ओठांवर हलले.

अनसूयेने नजर काढली नाही. शेजारच्या बाईने रडत तिचा हात धरला. तो तिने सोडवून घेतला. तिला एक शब्दही चुकवायचा नव्हता.

*

यज्ञेश्वररावांनी अर्ज मागे घेतला नाही. भगिनीमंडळातल्या निम्म्या बाया मताला गेल्याच नाहीत, उरलेल्यांनी पापाच्या वैद्याला मत दिलं. तो निवडून आला. मुलाला खोटी शपथ घ्यायला शिकवलं म्हणून मंडळीने यज्ञेश्वररावांनाही प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेतल्या भाकर आणि प्याल्याच्या विधीपासून, दूर केलं. नियम असा होता की अशा माणसाला परत घ्यायचं तर त्याने पश्चात्ताप कळवावा, पाळकाने मंडळीला विचारावं, आणि एकाचीही हरकत नसावी.

पोरं मात्र तरली. वेणीमाधव घर सोडून गिरणीत कारकून म्हणून लागला, त्याने सर्वांसमक्ष पश्चात्ताप सांगितला आणि नंदूशी लग्न केलं. त्याला परत घेताना अनसूयेने सगळ्यांत आधी हात वर केला. नंदूला मुलगा झाला. पण ती लग्नानंतर अनसूयेच्या घरी आली नव्हती. रस्त्यात भेटली की नमस्कार करायची आणि पुढे जायची.

यज्ञेश्वररावांनी पहिल्यांदा पश्चात्ताप कळवला, तेव्हा पाळकाने विचारलं, "कुणाची हरकत?" आणि अनसूया उभी राहून "माझी" म्हणाली. दुसऱ्यांदाही म्हणाली. तिसऱ्यांदा लोकांनी मागे वळून बघणंसुद्धा सोडून दिलं. वकिली बसली. बायको वारली त्या दिवशी पाळकाने घरी येऊन तिला प्रभुभोजन दिलं, तेव्हा ते तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले, पण भाकर आणि प्याला त्यांच्यापुढून तसाच निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, नंदू आली. मूल कडेवर होतं. ती बसली नाही.

"बाई, मामंजी फार खंगलेत. उद्या हरकत घेऊ नका."

"त्यांनी पाठवलं?"

"नाही. त्यांना माहीतही नाही." तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "माझ्यावर त्यांनी जे केलं, ते मी सोडलं. मग तुम्ही का धरून बसलात?"

"तुझ्यावर केलं ते तुझं. ते तू सोड."

"तुम्ही हे माझ्यासाठी केलं नव्हतं," नंदू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच अनसूयेला झोंबलं. "मला कळलं होतं त्याच दिवशी, पाळकांकडे जाताना. आईला अजून वाटतं तुम्ही देवमाणूस. मी तिला सांगितलं नाही. आमचं लग्न त्या आधीही झालं असतं, बाई. तुम्ही एकदा त्यांच्याकडे गेला असता तर."

"झालं असतं," अनसूया म्हणाली. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. "पण नंदू, शकुंतलेला परत घ्यायचं का, असं कुणी कधी मंडळीत विचारलंच नाही. हरकत घ्यायला तरी कुणी विचारावं लागतं. तिच्यासाठी हात वर करायची संधी मला मिळाली नाही. यांना दरवेळी विचारतात. हेच त्यांचं नशीब मोठं."

मूल अनसूयेच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याकडे हात करत होतं. त्याला तसंच घेऊन नंदू निघून गेली.

दुसऱ्या दिवशी यज्ञेश्वरराव पुढे आले. कोट अंगावर लोंबत होता, फेटा नीट बांधलेला नव्हता. पाळकाने त्यांचा पश्चात्ताप वाचला. त्यात या वेळी एक ओळ जास्त होती. तिच्यात शकुंतलेचं नाव होतं, आणि ती निरपराध असताना तिच्यावर अन्याय झाला, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मंडळीत हालचाल झाली. बायांच्या रांगेत नंदूने मान वळवून पाहिलं.

अनसूयेने ती ओळ ऐकली. हेच ऐकण्यासाठी आपण जगलो, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आता ते ऐकल्यावर आत काही सैल होतंय का, हे तिने शांतपणे चाचपून पाहिलं. काही झालं नव्हतं. त्यांना मंडळीत परत यायचं होतं म्हणून नाव आठवलं होतं.

"कुणाची हरकत?" बसलिंगप्पाने विचारलं. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

अनसूया उभी राहिली.

"माझी आहे."

पाळकाने मान खाली घातली आणि पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. यज्ञेश्वरराव काठी टेकत मागच्या बाकाकडे गेले. वाटेत वेणीमाधवाने उठून त्यांचा दंड धरला. लोक गायला उभे राहिले. अनसूयाही गायली. त्या दिवशी तिचा आवाज सगळ्यांच्या वर लागला.